आजीच्या बाजूची काच

शाळेच्या वार्तापत्रासाठी पालकांनीही चार ओळी लिहाव्यात, असा निरोप वर्गशिक्षिकांनी थोरलीबरोबर पाठवला. पाककृती, सहलीची हकिकत, काहीही चालेल असे त्यांनी कळवले होते. यंदा आमच्याकडे सहल झाली नाही. ती का झाली नाही ते पुढे येईलच. पाककृती म्हणाल तर बेळगावात घरोघरी आमच्याहून सुगरणी आहेत. तेव्हा आम्ही आमच्या मोटारीच्या एका काचेविषयी लिहितो. विषय थोडा चमत्कारिक वाटेल, पण दहावीच्या मुलामुलींना त्यात ओळखीचे काही भेटेल आणि ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्या पालकांना कदाचित चार पैसे वाचवता येतील.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी, मायलेकी. थोरलीचे बाबा नोकरीसाठी गोव्यात असतात. शनिवारी रात्री चोर्ला घाटातून येतात, सोमवारी पहाटे परत जातात. त्यामुळे आठवडाभर गाडी, बाजार, शाळा, दवाखाना आणि आजीचे देवदर्शन हा सगळा कारभार आमच्याकडेच. गाडी २००९ सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली. तिचा ए.सी. दोन उन्हाळ्यांपूर्वी थंड करायचा थांबला. दुरुस्तीचा खर्च ऐकून आम्ही काचा उघड्या ठेवून फिरायची सवय लावून घेतली. बेळगावची हवा अजून तेवढी दया दाखवते.

नेमक्या अशा गाडीची मागची डावी काच बंद पडली, आणि तीही पूर्ण वर चढलेल्या अवस्थेत. उघडी राहून अडकली असती तर पावसाने भिजलो असतो, प्लास्टिकचा कागद चिकटवून दिवस काढले असते. पण बंद काचेमागे आमच्या आजी बसतात. डावीकडून उतरले की पाय सरळ रस्त्याच्या कडेला पडतो, मागून येणाऱ्या वाहनांची भीती नाही, म्हणून ती जागा त्यांची ठरलेली. त्यांना दमा आहे. बंद जागेत जीव घाबरा होतो. त्यात धाकटा चार वर्षांचा, हाताला येईल ते ओढणारा, म्हणून मागच्या दोन्ही दारांना आम्ही चाइल्ड लॉक लावून ठेवतो. म्हणजे दार आतून उघडत नाही, काच खाली येत नाही, ए.सी. नाही. बाहेरून कुणी दार उघडेपर्यंत आजींनी बसून राहायचे.

त्यांनी तक्रार केली नाही. आजी तक्रार करीत नाहीत, बेत रद्द करतात. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी कपिलेश्वराला निघायच्या वेळी, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी," म्हणाल्या. दुसऱ्या सोमवारीही तेच. खानापूरला त्यांच्या धाकट्या बहिणीचे पायाचे हाड मोडले होते. पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा रस्ता, पण त्या जाईनात. बसने जायची ताकद नाही आणि गाडीत बसायची हिंमत नाही. आंबोलीचा बेतही त्यामुळेच राहिला.

आमच्या लहानपणीच्या अँबॅसिडर नि पद्मिनी गाड्यांना काच फिरवायचा दांडा असे. काच जड झाली की दांडा हाताला आधीच सांगे. दात घसरले तर दांडा मोकळा फिरे, गजात माती अडकली तर करकर वाजे. बिघाड तळहाताला समजत असे. विजेच्या काचा निघाल्या त्याला तसा बराच काळ लोटला, अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० सालीच त्या आणल्या होत्या. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या गाडीत त्या यायला पुढचे शतक उजाडावे लागले. सोय झाली खरी, पण बटण दाबल्यावर काही घडले नाही तर बटण काहीच सांगत नाही. फ्यूज उडाला तरी शांतता, तार तुटली तरी शांतता, मोटर जळाली तरी तीच शांतता. मग माणूस सर्वांत महाग वस्तूवर बोट ठेवतो.

तसेच झाले. ओळखीच्या गॅरेजात गाडी नेली. मेस्त्रीने मागचे बटण दोनदा खाली दाबले, दाराला कान लावला आणि म्हणाला, "मोटर गेली की ओ वैनी. उचलण्यासकट सेटच बदलूया." अंदाज दिला ४,८०० रुपयांचा, मजुरी धरून. महिना अखेरीचा होता, थोरलीच्या शिकवणीची फी भरायची होती. रविवारी घरात विचारून सांगतो म्हणून आम्ही परत आलो.

त्या रात्री जेवताना आजी सहज बोलून गेल्या, "मोटर कशी जाईल गं? दार लावायच्या आधी बटण दाबलं की येते ती खाली. एकदा दार लावलं की बसते रुसून."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. जेवण उरकून बॅटरी घेऊन अंगणात गेलो. किल्ली फिरवली, मागचे दार निम्मे उघडे धरले, बटण दाबले. काच सरसर खाली आली. वर घेतली, दार लावले, पुन्हा दाबले. काही नाही. जळालेली मोटर दार उघडले म्हणून जिवंत होत नाही. आजींनी दोन आठवडे त्या दाराशी जो काही समझोता करून पाहिला होता, त्यातून अर्धे निदान हाती आले होते.

उरलेले अर्धे शेजारच्या काकांनी करवून घेतले. करवून घेतले असे मुद्दाम म्हणतो, कारण त्यांनी स्वतः हात लावला नाही. काका उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तीस वर्षे यंत्रांची विजेची कामे करून निवृत्त झालेले. त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली आणि थोरलीला म्हणाले, "आता दार उघडायच्या आधी मला सांग, खराबी कुठं कुठं असू शकत नाही." खराबी कुठे आहे असे त्यांनी विचारले नाही. थोरलीला प्रश्न उलटा वाटला, पण तोच सोपा निघाला.

बाकीच्या तीन काचा चालत होत्या. आमच्या गाडीत चारही काचांना एकच फ्यूज आहे, तेव्हा फ्यूज सुटला, बॅटरी सुटली. सगळ्याच काचा एकदम गेल्या असत्या तर आधी तिथे पाहायचे. मागच्या काचा बंद करणारे कुलुपाचे बटण चालकाच्या दारावर असते, धाकटी मंडळी ते हमखास दाबून ठेवतात. ते मोकळे होते. मोटर फिरल्याचा घूं आवाज येतो पण काच जागची हलत नाही, असे असते तर आतली तार किंवा प्लास्टिकची पकड तुटलेली, म्हणजे बिघाड यंत्राचा, विजेचा नव्हे. काच तिरकी होऊन अडली असती तर तीही यंत्राचीच खोड. यांतले काही नव्हते. उरले स्विच, तारा आणि मोटर.

आता त्या आकृतीविषयी. विद्यार्थी मित्रांनी इथे जरा थांबून कागद-पेन्सिल घ्यावी, कारण गंमत इथेच आहे.

काचेच्या मोटरला दोनच तारा असतात. वीज एका बाजूने गेली की मोटर सुलट फिरते, काच चढते. दुसऱ्या बाजूने गेली की उलट फिरते, काच उतरते. काच चढवताना जिच्यातून वीज आत येते तिला आम्ही 'चढती' म्हटले, दुसरीला 'उतरती'. दोन्ही तारा चालकाच्या दारातल्या मुख्य स्विचपासून निघतात, मागच्या दारातल्या बटणातून जातात आणि मोटरला मिळतात. कुणीही बटण दाबलेले नसते तेव्हा दोन्ही तारा मुख्य स्विचमधून गाडीच्या पत्र्याला, म्हणजे ऋण टोकाला जोडलेल्या असतात. चालकाने 'वर' दाबले की चढती पत्र्यापासून सुटून बॅटरीच्या धन टोकाला लागते. वीज चढतीतून मोटरमध्ये जाते आणि उतरतीतून परत येऊन पत्र्याला मिळते. 'खाली' दाबले की हेच उलट.

मागच्या दारातल्या बटणाला धन टोकाची आणखी एक वेगळी तार आलेली असते. ते बटण दाबले की वीज त्या वेगळ्या तारेतून मोटरमध्ये शिरते. पण परत कुठून जाते? परतीसाठी दुसरी वाट नाही. ती पुन्हा लांबच्या तारेनेच थेट चालकाच्या दारापर्यंत जाते आणि तिथे पत्र्याला मिळते. आजींनी स्वतःच्या दारातले बटण दाबले तरी त्या विजेला परतण्यासाठी पुढच्या दाराचीच परवानगी लागते! चालकाच्या बाजूचा स्विच खराब झाला की मागची काच मागच्या बटणानेही हलत नाही, असे काही गाड्यांत का घडते, ते यावरून कळते. सगळ्याच गाड्यांची जोडणी अशी नसते. अलीकडच्या गाड्यांत काचांचा कारभार एका छोट्या संगणकाकडे असतो आणि तिथे यंत्र लावून दोष वाचावा लागतो. आमची गाडी साध्या जमान्यातली आहे.

थोरलीने आकृतीतली चढती तार पेन्सिलने मधेच खोडली आणि चार शक्यता मांडल्या. चालकाने 'वर' दाबले तर वीज शिरणारच नाही. चालकाने 'खाली' दाबले तर वीज शिरेल, पण परतीची वाट तुटलेली. मागून 'खाली' दाबले तरी परत जायचे ते त्याच चढतीतून, म्हणजे तेही बंद. राहिले मागून 'वर'. तिथे वीज वेगळ्या तारेने शिरते आणि परतते उतरतीतून, जी शाबूत आहे. म्हणजे चारांपैकी हे एकच बटण चालायला हवे. पण काच तर आधीच वरच्या टोकाला. ती आणखी कुठे चढणार? चालली काय नि न चालली काय, दिसायला एकच.

दिसत नसेल तर पाहायचे कसे, हे काकांनी सांगितले. अंधारात गाडीतला छताचा दिवा लावला. चालकाच्या जागेवरून 'खाली' आणि 'वर' दाबले, दिवा जसाच्या तसा. मागून 'खाली' दाबले, तसाच. मागून 'वर' दाबले आणि दिव्याने किंचित मान खाली घातली, दारातून बारीकसे 'टुक' ऐकू आले. मोटर वीज ओढत होती आणि बंद काचेला आणखी वर रेटू पाहत होती. मोटर धडधाकट होती! मेस्त्रीने फक्त 'खाली' दाबून पाहिले होते. घाईच्या वेळी कोणीही तेच करील; काच बंद असेल तर माणूस ती उघडूनच पाहतो.

रविवारी सकाळी दार उघडले. हँडलच्या वाटीतला आणि हात टेकायच्या जागेतला असे दोन स्क्रू काढले, मग अस्तर कडेने हळूहळू ओढले. प्लास्टिकच्या पकडी टकटक सुटत जातात. जुन्या गाडीत त्यांतल्या दोनतीन मोडतातच, त्याचे दुःख करू नये. आत पाणी अडवणारा प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडायचा नाही, सोलायचा आणि शेवटी पुन्हा नीट चिकटवायचा. नाहीतर पुढच्या पावसात पाणी थेट गालिच्यात उतरते.

एक गोष्ट काकांनी हात आत घालण्यापूर्वीच बजावली. गाडीची वीज १२ व्होल्टची असते, तिचा झटका बसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण काच उचलणारी यंत्रणा कात्रीसारखी आहे. आत बोटे आणि बाहेर कुणाचा हात बटणावर, एवढे पुरते. म्हणून तपासणीपुरती वीज चालू करायची आणि दारात हात घालायचा तेव्हा फ्यूज काढून खिशात ठेवायचा. आम्ही तो धाकट्याच्या नजरेआड, आजींच्या कनवटीला दिला.

मागच्या बटणाचा जोड सोडवून आम्ही मीटर लावला. थोरलीने पुढच्या बटणाने 'वर' दाबले. चढती तार आणि पत्रा यांच्यामध्ये मीटरने १२.१ व्होल्ट दाखवले. पूर्ण! तार तुटलेली असेल तर एवढे व्होल्ट कुठून आले? आमची सगळी मांडणी कोसळल्यासारखी वाटली. काकांनी कुंपणापलीकडून एक बल्ब दिला. ब्रेकच्या दिव्याचा, २१ वॉटचा, दोन वायरी जोडलेला. "मीटरला कुठं भूक असते? बल्बला असते. त्याला जेवायला बसवा."

बल्ब लावला. उतरतीवर तो लख्ख पेटला. चढतीवर नुसता निखाऱ्यासारखा लाल.

हा ओहमचा नियम. दहावीच्या पुस्तकात तो आहे, परीक्षेत त्यावर गणितेही येतात. मीटरचा अंतर्गत रोध दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त असतो. तो जवळजवळ वीज ओढतच नाही, त्यामुळे वाटेत चारपाच ओहमचा अडथळा असला तरी त्याला पत्ता लागत नाही. २१ वॉटच्या बल्बला १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर लागतात, म्हणजे त्याचा रोध सुमारे सात ओहम. वाटेत पाच ओहमचा गंज बसला असेल तर बाराचे वाटप सातास पाच असे होते. बल्बच्या वाट्याला सातच व्होल्ट येतात आणि तो मंदावतो. मोटरची तर पंगतच मोठी. थांबलेल्या स्थितीत तिचा रोध अर्ध्यापाऊण ओहमचा. आम्ही ०.६ धरला. एकूण रोध ५.६, वीज सव्वादोन अँपिअरही नाही आणि मोटरच्या वाट्याला जेमतेम सव्वा व्होल्ट. तेवढ्यात ती हलणार कशी? हे गणित थोरलीने दाराच्या अस्तराच्या मागच्या बाजूला खडूने केले. ते अजून तिथेच आहे. पुढे कोणी ते दार उघडेल तेव्हा चक्रावेल.

पुढचे काम सोपे होते, कारण कुठे पाहायचे ते आजींनी आधीच सांगून ठेवले होते. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये बिजागरीजवळ एक रबरी नळी असते, वळ्यावळ्यांची, हार्मोनियमच्या भात्यासारखी. दाराच्या सगळ्या तारा तिच्यातून जातात आणि दार उघडले-लावले की दर वेळी वाकतात. दिवसाला दहा वेळा धरले तरी पंधरा वर्षांत ५४,७५० वेळा. तार हातात घेऊन इकडे-तिकडे वाकवत तोडायचा खेळ सगळ्यांनीच केलेला असतो. दार तोच खेळ फार सावकाश खेळते.

रबर मागे सारले. तारा वरून चांगल्या दिसत होत्या. एकेक धरून हलकेच ओढली. चढती तार रबरासारखी ताणली गेली, कारण आत तांबे उरलेच नव्हते. लांबत होते ते फक्त वरचे प्लास्टिक. चिरून पाहिले तर दोन टोके एकमेकांना कशीबशी टेकलेली, त्यांवर हिरवट गंज. दार निम्मे उघडले की ती टोके दाबून बसत, दार लावले की सैल होत. शेजारच्या आणखी एका तारेचे प्लास्टिक तडकू लागले होते. तिलाही सोडले नाही.

तुटल्या जागीच गाठ मारून टेप गुंडाळायचा मोह होतो. पण नेमकी वाकायची जागा तीच, गाठ कडक होते आणि तिच्या कडेला तार पुन्हा तुटते. म्हणून वाकणारा सगळाच भाग कापून काढला, त्याच जाडीची, बारीक धाग्यांची लवचीक तार घातली आणि डाखाचे जोड एक खांबाच्या आत, एक दाराच्या आत घेतले. जोडांवर तापवली की आवळणारी नळी बसवली. डाख काकांनी द्यायला हवा होता, त्यांना सवय आहे. पण ते खुर्ची टाकून बसले आणि थोरलीकडूनच देववून घेतला. पहिला जोड ओबडधोबड झाला म्हणून तोडायला लावला. तार आणि नळी १६० रुपये, मोडलेल्या पकडी ६० रुपये.

फ्यूज कनवटीतून परत आला. दार लावले. आजी स्वतः आत बसल्या, दार लावून घेतले आणि बटण दाबले. काच खाली गेली. त्यांनी ती लगेच वर घेतली, परत खाली, परत वर. मोटरला फार वेळ रेटू नये, ती तापली की आतली सुरक्षा कळ तिला थोडा वेळ बंद करते, असे काका म्हणत होते. पण त्यांना त्या क्षणी कोण ऐकणार?

काच चढताना जरा रेंगाळत होती. कडेच्या रबरी खाचा ओल्या फडक्याने पुसल्या तर फडके काळे झाले. मग सिलिकॉनचा फवारा मारला. तिथे तेल किंवा ग्रीस लावू नये. रबर फुगते आणि धूळ चिकटून खाच आणखी आवळते. दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जायची भोके असतात, तीही गुलमोहराच्या पाल्याने बुजलेली. काडीने मोकळी केली तर वाटीभर गढूळ पाणी आले. आमच्या टिळकवाडीच्या पावसात ही भोके मे महिन्यात एकदा पाहावीत, असे आता आमचे मत झाले आहे.

मेस्त्रीला आम्ही ही हकिकत सांगितली. तो हसला आणि त्याने जे सांगितले ते आम्हाला पटले. तार शोधण्यात त्याचे तीन तास जातात आणि त्या तीन तासांचे पैसे कोणी देत नाही, गिऱ्हाईक म्हणते नुसती तार तर जोडलीस. नवा सेट बसवला तर तासाभरात गाडी मोकळी. पण आम्हाला एक शंका आहे ती आहेच. चढती तार तुटलेलीच राहिली असती तर ४,८०० रुपयांचा नवा सेट बसवूनही काच हलली नसती. मग पुढचे बोट मुख्य स्विचवर गेले असते. शोधायचे पैसे गिऱ्हाईक देत नाही हे खरे, ते ते दुसऱ्या नावाने देते एवढेच.

त्याच आठवड्यात आजी खानापूरला जाऊन आल्या. वाटेत पाऊस लागला तरी काच चार बोटे उघडीच होती. पदर ओला झाला म्हणून आम्ही बोललो, तर "असू दे" म्हणाल्या.

चालती काच चिमुकल्यांसाठी मात्र अडकलेल्या काचेहून धोक्याची असते, आणि वार्तापत्र वाचणाऱ्या पालकांत आमच्या धाकट्याच्या वयाची मुले असणारे बरेच आहेत. लहान मूल डोके बाहेर काढून गुडघ्यावर उभे राहते. बटण खाली दाबल्यावर काच चढत असेल अशा जुन्या धाटणीच्या गाडीत तो गुडघाच बटणावर पडतो. ज्या बटणाला बोट अडकवून वर ओढल्याशिवाय काच चढत नाही, ते सुरक्षित. अडथळा लागताच मागे फिरणाऱ्या काचा आता मिळतात, पण आमच्यासारख्या जुन्या साध्या गाड्यांत ती सोय नाही. तिथे काचेला मान आणि हवा यांतला फरक कळत नाही. मुले मागे असतील तर मागच्या काचांचे कुलूप लावावे आणि उतरताना किल्ली गाडीत ठेवू नये. आमच्याकडे यात एक पेच उभा राहिला. कुलूप लावले की धाकट्याबरोबर आजींचेही बटण बंद होते. म्हणून आता धाकटा उजवीकडे त्याच्या खुर्चीत पट्टा बांधून बसतो, त्याचा हात पोचणार नाही असा, आणि कुलूप मोकळे ठेवतो. डाव्या दाराचे चाइल्ड लॉकही काढले. गाडी पाण्यात अडकली तर पहिल्या मिनिटातच काच खाली घ्यावी लागते, मग पाण्याचा दाब वाढतो आणि वीजही दगा देते. खानापूरच्या वाटेवर पावसाळ्यात ओढे-नाले कसे भरतात ते इथल्या वाचकांना सांगायला नको. अशा वेळी आजींच्या बाजूचे दार आणि काच त्यांच्या स्वतःच्या हातात असलेली बरी.

चालकाच्या दारातली काच अलीकडे चढताना कण्हते. ती खाच पुसून भागेल की मोटरचे ब्रश झिजले आहेत, हे अजून ठरले नाही. सगळ्या काचांचा मुख्य स्विच त्याच दारात असल्यामुळे थोरलीला ते कधी उघडते असे झाले आहे. सहामाही परीक्षा संपेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर आजींच्या कपाटात आहे.